समुद्राचा ताप आणि वाटेतली धूळ

करोनाच्या दिवसांत कोरमंगलातल्या कुठल्याही दारातून आत जायचे, तर आधी कपाळावर पिस्तूल रोखून घ्यावे लागे. मॉल असो, सॉफ्टवेअर कंपनीची कचेरी असो की उभ्याउभ्या इडली-वडा खाण्याची दर्शिनी, दारावरचा सुरक्षारक्षक ते पांढरे यंत्र पुढे करी, घोडा दाबी आणि आकडा वाचल्या न वाचल्यासारखे करून माणसाला आत सोडी. नीट वाचला असता तर तो पुष्कळदा हबकलाच असता. पावसाच्या भुरभुरीत स्कूटरवरून आलेल्या माणसाचे तापमान ते यंत्र खुशाल ३३ अंश दाखवी. शरीर खरोखर इतके गार पडलेला माणूस स्कूटर चालवत येत नाही, त्याला रुग्णवाहिकेतून आणावे लागते. पण आकडा जास्त आला तर घाबरायचे, कमी आला तर 'चला, आत या' म्हणायचे, असा सगळ्यांचाच समज होता.

उपग्रहांनी समुद्राचे तापमान मोजण्याच्या इतिहासात एक गाजलेली फसगत आहे. ती जवळपास अशाच समजातून झाली.

कपाळावरचे पिस्तूल आणि समुद्रावरचा उपग्रह यांचे तत्त्व एकच आहे. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकत असते. २७ अंशांच्या आसपासच्या समुद्रातून सर्वांत जोरकस बाहेर पडतात ते सुमारे १० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या तरंगलांबीचे किरण. त्यांची तीव्रता मोजली की तापमान निघते. फरक अंतराचा. पिस्तूल आणि कपाळ यांच्यामध्ये चार बोटे हवा असते. ध्रुवीय कक्षेतला उपग्रह पाण्यापासून आठशे किलोमीटरांवर फिरतो, इन्सॅटसारखा भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटरांवर असतो आणि दोघांच्या वाटेत सगळे वातावरण उभे असते. शिवाय असा उपग्रह पाण्याची फक्त वरची, केसाहूनही पातळ कातडी पाहतो. तिच्याखाली हातभर खोलीवर काय चालले आहे, ते त्याला दिसत नाही.

समुद्राच्या या कहाणीत कोरमंगला कशाला, असे वाचकाला वाटेल. बंगळूरहून सगळ्यात जवळचा समुद्र तीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे आणि शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचावर. पण कोरमंगलाच्या दुसऱ्या ब्लॉकमध्ये, सेंट जॉन्स रुग्णालयापासून जवळच, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्सचे मुख्यालय आहे. तिथल्या माणसांचा आणि समुद्राचे तापमान काढणाऱ्यांचा शत्रू एकच: मधली हवा. खगोलशास्त्रज्ञ खालून वर पाहतो, उपग्रह वरून खाली पाहतो. दोघांनाही हवेने किती खाल्ले ते आधी वजा करावे लागते, मग मुद्द्याचे बोलता येते.

खगोलशास्त्रज्ञांची वजाबाकीची रीत जुनी आणि साधी आहे. एकच तारा तो डोक्यावर असताना मोजायचा आणि क्षितिजाकडे कलला की पुन्हा मोजायचा. कललेल्या ताऱ्याचा प्रकाश जास्त हवेतून तिरका येतो, म्हणून तो अधिक मंद दिसतो. किती जास्त हवेने किती मंदपणा आला हे कळले, की हवाच नसती तर तारा किती तेजस्वी दिसला असता ते काढता येते. कावलूर आणि कोडाईकनाल इथल्या वेधशाळा असोत की लडाखमध्ये साडेचार हजार मीटर उंचीवर असलेली हानले, हा हिशेब चुकत नाही. हानलेला तर या संस्थेने आकाशातल्या धूलिकणांची मोजदाद करणारे वेगळे उपकरण बसवले आहे. दुर्बिणीसाठी जागा चांगली की वाईट हे धुळीवरही ठरते.

या संस्थेच्या वंशावळीत धुळीला मानाचे पान आहे. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला आणि सप्टेंबरात मद्रासच्या लोकांना हिरवा सूर्य दिसू लागला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे चार्ल्स मिची स्मिथ यांनी वर्णपटदर्शक घेऊन त्या सूर्याचा अभ्यास केला आणि 'नेचर' या नियतकालिकात त्यावर लिहिले. पुढे १८९९ मध्ये कोडाईकनालला सौर वेधशाळा सुरू झाली तेव्हा तिची सूत्रे याच मिची स्मिथांकडे आली आणि त्याच वेधशाळेतून १९७१ मध्ये आजची स्वायत्त संस्था उभी राहिली. ज्वालामुखीची धूळ हजारो किलोमीटर दूर जाऊन प्रकाशाची वाट अडवते हे मद्रासच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. उपग्रहवाल्यांना तो धडा ९९ वर्षांनी नव्याने शिकावा लागला.

जून १९८१ मध्ये नोआ-७ हा अमेरिकी उपग्रह कक्षेत गेला. त्यावरचे उपकरण समुद्राकडे अवरक्ताच्या दोन 'रंगांत' पाहत होते, ११ मायक्रोमीटर आणि १२ मायक्रोमीटर. या पट्ट्यात वातावरण बरेचसे पारदर्शक आहे, म्हणून त्याला खिडकी म्हणतात. मात्र खिडकीच्या काचेवर वाफ धरलेली असते. उष्ण कटिबंधातल्या दमट हवेत ही वाफ समुद्राचे तापमान काही अंशांनी कमी भासवते. दोन रंगांची युक्ती याच्यावरच होती. वाफ १२ वर जास्त शोषते, ११ वर कमी. दोन्ही आकड्यांत जितका फरक, तितकी मध्ये वाफ, आणि तितके अंश वर मिळवायचे. बोयांच्या, म्हणजे समुद्रात नांगरून किंवा तरंगत ठेवलेल्या यंत्रांच्या नोंदींशी ताडून या मिळवणीचे सूत्र बसवले गेले. ते छान चालले. बादलीने पाणी वर ओढून त्यात तापमापी बुडवणाऱ्या खलाशांच्या पिढ्यांना जे जमले नव्हते ते, म्हणजे सगळ्या महासागरांचा नकाशा, आता दर थोड्या दिवसांनी हाती येऊ लागला.

सूत्रात एक गृहीत मात्र दडले होते: वाटेत वाफेशिवाय दखल घेण्याजोगे काही नाही.

२८ मार्च १९८२ रोजी मेक्सिकोतला एल चिचोन फुटला आणि एप्रिलच्या सुरुवातीला आणखी दोनदा. आसपासच्या गावांतली सुमारे दोन हजार माणसे मेली. ज्वालामुखीने लक्षावधी टन सल्फर डायऑक्साइड थेट स्थितांबरात भिरकावला. तिथे त्याचे गंधकाम्लाचे बारीक थेंब झाले आणि त्या थेंबांच्या ढगाने साधारण तीन आठवड्यांत पृथ्वीला प्रदक्षिणा घातली. विषुववृत्ताच्या उत्तरेकडचा एक रुंद पट्टा त्याने झाकला. पावसाचे ढग इतक्या उंचीवर पोहोचत नाहीत, म्हणून तिथे गेलेली घाण पावसाने धुऊन निघत नाही. ती महिनोन् महिने तरंगत राहते.

नोआ-७च्या दृष्टीने हा पडदा जवळजवळ अदृश्य होता. तो पांढरा ढग असता तर त्याच्याखालचे चौकोन नकाशातून बाहेर काढले गेले असते. हा पातळ होता, पण पाण्याहून कितीतरी थंड. तो समुद्राकडून येणारे काही किरण गिळायचा आणि आपल्या थंड तापमानाचे दुबळे किरण वर सोडायचा. शिवाय वाफेसारखा तो दोन रंगांत ठरावीक फरक पाडत नव्हता. म्हणजे समुद्र थंड तर भासलाच, वर 'मध्ये काही नाही, मिळवायची गरज नाही' असाही निरोप सूत्राला मिळाला. उष्ण कटिबंधात ठिकठिकाणी उपग्रहाचे आकडे काही अंशांनी खाली गेले.

नेमके त्याच महिन्यांत पूर्व आणि मध्य प्रशांत महासागर तापत होता. या तापण्याला एल निन्यो म्हणतात, आणि विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या एल निन्योंपैकी एक आकार घेत होता. तिकडून जाणारी जहाजे पाण्याचे तापमान नोंदवत होती आणि ते नेहमीपेक्षा बरेच जास्त होते. पण संगणकात आलेला आकडा सरासरीपासून फार लांब असला की तो 'खलाशाची चूक' म्हणून आपोआप बाजूला टाकायची व्यवस्था होती. उपग्रह म्हणतो समुद्रात विशेष काही नाही, जहाजवाले म्हणतात तापलाय. मग जहाजवालेच चुकले. ऑक्टोबर १९८२ मध्ये प्रिन्स्टनला या विषयातले जाणकार जमले, तेव्हा एल निन्यो आलाच आहे असे म्हणायला पुरेसा आधार त्यांच्यापुढे नव्हता. प्रत्यक्षात तो उंबरठा ओलांडून आत येऊन बसला होता. पुढच्या काही महिन्यांत पेरू आणि इक्वेडोरमध्ये महापूर आले, ऑस्ट्रेलिया दुष्काळाने आणि वणव्यांनी होरपळला. भारतात १९८२चा मोसमी पाऊस तोवर सरासरीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी पडून गेलाही होता.

इथे यंत्राला दोष देणे सोपे आहे, पण यंत्राने जे दिसले ते इमानाने सांगितले. चूक झाली ती साक्षीदार निवडताना. बादलीतल्या तापमापीला ज्वालामुखीच्या थेंबांशी काही घेणेदेणे नव्हते, ती पाण्यातच बुडालेली होती. तरीही तिची साक्ष जुनाट म्हणून रद्दीत गेली आणि आठशे किलोमीटरांवरून धुरकट काचेतून पाहणारा खरा ठरला. आकडे कोणाचे फेकायचे हा प्रश्न तांत्रिक वाटतो. त्यात प्रतिष्ठेचा भाग किती असतो हे त्या वर्षी दिसले.

यातून निघालेली दुरुस्ती मात्र मोठ्या तोलाची होती. १९८५ ते १९९४ या काळात उष्ण कटिबंधातल्या महासागरांच्या अभ्यासाचा 'टोगा' हा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम राबवला गेला आणि प्रशांत महासागराच्या पोटावर सुमारे ७० बोयांची माळ नांगरली गेली. दुसरी गंमत म्हणजे चुकीचाच मग उपयोग झाला. उपग्रहाचा आकडा खऱ्यापेक्षा जिथे जितका कमी, तिथे तितका थेंबांचा पडदा दाट, असे मानून अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅलन स्ट्राँग यांनी एल चिचोनच्या ढगाच्या प्रवासाचा माग काढला. बिघडलेल्या तापमापीची अशी धूळमापी झाली.

जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला, एल चिचोनच्या दुपटीहून मोठा. या वेळी सगळे सावध होते, तरी उष्ण कटिबंधात उपग्रहाचे आकडे एक अंशाहून अधिक घसरलेच. आता पेच आणखी नाजूक होता. पिनाटुबोच्या थेंबांनी सूर्यप्रकाश अडवून पृथ्वीचा पृष्ठभाग खरोखरच सुमारे अर्ध्या अंशाने गार केला. एकाच पडद्याने समुद्र थोडा थंड केला आणि तो आहे त्याहून कितीतरी जास्त थंड भासवला. खरी थंडी कोणती आणि भासाची कोणती, हे बोयांच्या मदतीशिवाय वेगळे काढणे शक्य नव्हते.

स्फोटानंतर महिनाभराने, १७ जुलै १९९१ रोजी, युरोपचा ईआरएस-१ उपग्रह गेला. त्यावर एटीएसआर नावाचे ब्रिटिश उपकरण होते आणि त्याची करामत वाचली तर कोरमंगलातला कोणताही खगोलशास्त्रज्ञ ओळखीचे हसेल. समुद्राचा एकच तुकडा ते दोनदा पाही: आधी पुढे झुकून तिरके, आणि दोनेक मिनिटांनी थेट खाली. तिरक्या वाटेत जवळजवळ पावणेदोन पट हवा. दोन आकड्यांतल्या फरकावरून मधल्या पडद्याची जाडी निघते, मग तो वाफेचा असो, ज्वालामुखीच्या थेंबांचा असो की वाळूचा. डोक्यावरचा तारा आणि कललेला तारा यांचीच ही उलटी आवृत्ती. पिनाटुबोमुळे सुरुवातीच्या सूत्रांत फेरबदल करावे लागले, पण वाट सापडली होती.

ज्वालामुखी रोज फुटत नाहीत. वाळवंटाची धूळ मात्र दरवर्षी येते आणि आपल्या अरबी समुद्राच्या वाट्याला ती भरपूर आहे. मे-जूनपासून अरबस्तान आणि सोमालियाकडच्या वाऱ्यांबरोबर धुळीचे लोट समुद्रावर येतात. मुंबईकरांनी २३ जानेवारी २०२२ रोजी अवकाळी नमुना पाहिला. पाकिस्तानकडून निघालेले वादळ समुद्र आणि सौराष्ट्र ओलांडून कोकणपट्टीवर आले, इमारती धूसर झाल्या, गाड्यांवर पांढरट भुकटी बसली आणि दुपारचे तापमान २४ अंशांच्या आसपास अडकले. वाळवंटी धुळीतली सिलिकेट खनिजे ११ मायक्रोमीटरवर जास्त शोषतात आणि १२ वर कमी. वाफेच्या बरोबर उलट. त्यामुळे दोन रंगांतला फरक आक्रसतो, कधी उलटा होतो, आणि दमट अरबी समुद्रावरची हवा सूत्राला कोरडी ठणठणीत वाटते. धूळ पाण्यालगत असेल तर तिचे तापमान पाण्याइतकेच, म्हणून फसवणूक थोडी. तीच चार-पाच किलोमीटर वर चढली की थंड पडते आणि मग आकडे अंशाअंशाने कोसळतात.

हिवाळ्यातल्या धुरकटाची गोष्ट वेगळी आहे. १९९९च्या जानेवारी ते मार्चमध्ये 'इंडोएक्स' या मोहिमेत मालदीवमध्ये तळ ठोकून, विमाने आणि 'सागरकन्या'सारखी जहाजे घेऊन शास्त्रज्ञांनी उपखंडातून समुद्रावर पसरणारा धूर, काजळी आणि सल्फेट यांचा पडदा मोजला. प्रयोगाची कल्पना रेटणारे वीरभद्रन रामनाथन हे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे माजी विद्यार्थी. श्रीधरन सतीश यांनी त्यांच्याबरोबर २००० साली 'नेचर'मध्ये दाखवले की या पडद्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागावर येणारी ऊर्जेची तूट वातावरणाच्या माथ्यावर दिसते तिच्या सुमारे तिप्पट असते. मधली ऊर्जा काजळीच गिळते. सतीश पुढे बंगळूरच्या त्याच विज्ञानसंस्थेत आले. धुराचे हे कण एक मायक्रोमीटरहूनही लहान असतात. दहा मायक्रोमीटरचे अवरक्त किरण त्यांना फारशी दाद देत नाहीत, मोठ्या लाटेने काठीला वळसा घालावा तसे पुढे जातात. म्हणजे धूर समुद्राचे ऊन खरोखर कमी करतो पण उपग्रहाला फारसा फसवत नाही. वाळू नेमकी फसवते. दोघांना सरसकट 'एरोसॉल' म्हणून एका पिशवीत कोंबणे म्हणूनच धोक्याचे.

एखाद्या अंशाने असे काय बिघडते? याचे उत्तर बंगळूरमध्येच एका मराठी बाईंनी दिले होते. पुण्यात जन्मलेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ १९७३ मध्ये विज्ञानसंस्थेत आल्या आणि तिथल्या वातावरणविज्ञान केंद्राच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह त्यांनी १९८४ मध्ये दाखवले, की हिंदी महासागरावर पावसाचे उंच ढग उभे राहण्याला एक उंबरठा आहे: पृष्ठभागाचे तापमान साधारण २८ अंश. त्याच्याखाली ढग विरळ, त्याच्यावर गेले की ढगांची शक्यता झपाट्याने वाढते. आपला समुद्र वर्षातला बराच काळ याच उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे असतो. २८.४ चे २७.६ वाचले गेले, तर पावसाचा अंदाज करणाऱ्याच्या नकाशावर ढग उगवणारा समुद्र वांझ दिसतो.

धुळीतून आरपार पाहण्याचा एक मार्ग आहे: सेंटिमीटरांत मोजल्या जाणाऱ्या सूक्ष्मतरंगांचा. त्यांच्यापुढे धूळ म्हणजे काहीच नाही आणि पावसाचे नसलेले ढगही त्यांना अडवत नाहीत. भारताने यात लवकर हात घातला होता. जून १९७९ मध्ये सोडलेल्या भास्कर-१ वर समुद्रावरची वाफ आणि ढगांतले पाणी मोजणारा सूक्ष्मतरंगमापी होता. तो उपग्रह बंगळूरलाच जुळवला गेला. २६ मे १९९९ रोजी ओशनसॅट-१ गेला आणि त्याच्यावरच्या एमएसएमआर या उपकरणाने समुद्राचे तापमानही याच पद्धतीने काढले. पण सूक्ष्मतरंगांची नजर जाडीभरडी. त्यांचा एक ठिपका पन्नासेक किलोमीटरांचा असतो, अवरक्ताचा एका किलोमीटरचा. शिवाय किनारा जवळ आला की जमिनीचे किरण मिसळतात आणि आकडा निरुपयोगी होतो.

रत्नागिरी-मालवणच्या मच्छीमाराला नेमका हाच किनारा हवा असतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे याचे सल्ले देते. ते समुद्राचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य यांच्या उपग्रहचित्रांवरून काढलेले असतात. थंड आणि कोमट पाण्याच्या सीमारेषेवर मासे जमतात, म्हणून तिथे एकूण तापमानापेक्षा तापमानातली उडी महत्त्वाची. धूळ सगळीकडे सारखी पसरली असेल तर उडी शाबूत राहते. धुळीच्या लोटाची कड मात्र पाण्यातल्या सीमारेषेसारखी दिसू शकते आणि त्या कडेखाली मासे असतीलच असे नाही. त्यातल्या त्यात बरे एवढेच, की अरबी समुद्रावर धूळ सर्वाधिक असते त्या जून-जुलैत मासेमारीला बंदी असते.

मोसमी पावसाच्या अंदाजाला मात्र तेच दोन महिने कळीचे. म्हणून आज कुठलाही एक उपग्रह एकटा बोलत नाही. २०१३ च्या इन्सॅट-३डी पासूनचे भारतीय हवामान-उपग्रह दोन रंगांच्या खिडकीतून पाहतात, नोव्हेंबर २०२२ मध्ये गेलेल्या ओशनसॅट-३ वर समुद्राच्या तापमानासाठी वेगळे अवरक्त उपकरण आहे. सूक्ष्मतरंगांचे परदेशी उपग्रह जोडीला असतात. आणि नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या भारतीय बोया-कार्यक्रमातली यंत्रे अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात नांगर टाकून उभी आहेत. ती पाण्याचे तापमान पाण्यातच उभी राहून मोजतात.